फ्रीझ ड्रायर घ्यायचाय? आधी आपल्या भाऊसाहेबांची गोष्ट वाचा

तो रील तुम्हीही पाहिला असेल. घरचा वरण-भात ट्रेमध्ये ओतायचा, ट्रे मशीनमध्ये सरकवायचा, आणि एक-दोन दिवसांनी हलका, कोरडा चुरा बाहेर. गरम पाणी घातलं की पुन्हा वरण-भात! मी अकोल्याचा. पुण्यात रूमवर राहताना घरून आलेला डबा तिसऱ्या दिवशी टाकून द्यावा लागायचा, त्यामुळे हे मशीन पाहून मलाही मोह झाला.

पण त्याच वेळी आठवले डॉ. पंजाबराव उर्फ भाऊसाहेब देशमुख. ज्यांच्या नावाचं कृषी विद्यापीठ, म्हणजे आपलं पीकेव्ही, अकोल्यात आहे तेच. या मशीनशी त्यांचा थेट संबंध नाही. पण वस्तू टिकवता आली की माणसाच्या हातात काय येतं, हे त्यांच्या आयुष्यातून छान कळतं.

मशीन करतं काय?

आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवर शेवया, कुरडया, मुंगवड्या वाळतात. उन्हाने पाण्याची वाफ होते, पदार्थ आकसतो आणि कडक होतो. फ्रीझ ड्रायर उलट्या वाटेने जातो. आधी जेवण उणे ३० ते ४० अंशांपर्यंत गोठवतो. मग आतली हवा ओढून दाब इतका कमी करतो की तो बाहेरच्या हवेच्या दीडशेव्या भागाहूनही खाली जातो. अशा दाबात बर्फ वितळत नाही, त्याची थेट वाफ होते. ती वाफ थंड भागावर पुन्हा बर्फ होऊन चिकटते. पदार्थात बर्फाच्या जागी बारीक छिद्रं उरतात, म्हणून तो स्पंजसारखा पाणी पितो. पाणीच नसल्याने जंतू वाढत नाहीत.

थोडक्यात, मशीन तुम्हाला वेळ मिळवून देतं. आज शिजवलं, पाहिजे तेव्हा खाल्लं. आता हीच गोष्ट कापसाला लावून पाहा.

पापळचा पंजाबराव

२७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी, शेतकऱ्याच्या घरी पंजाबरावांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजमधून ते १९२० साली विलायतेला गेले. वैदिक वाङ्मयावर डॉक्टरेट आणि सोबत बॅरिस्टरी करून १९२६ मध्ये परतले आणि अमरावतीत वकिली सुरू केली.

इथे आल्यावर ते स्वस्थ बसले नाहीत. अमरावतीचं अंबादेवी मंदिर अस्पृश्यांसाठी खुलं व्हावं म्हणून सत्याग्रहात उतरले. १९२७ मध्ये विमलाबाईंशी आंतरजातीय लग्न केलं. सगळ्या जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढलं. १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. आज वऱ्हाडातल्या कित्येक घरांत या संस्थेत शिकलेलं कुणीतरी सापडतंच.

वऱ्हाडी शेतकऱ्याचं दुखणं त्यांना नेमकं माहीत होतं. कापूस निघाला की सावकार दारात. सगळ्यांचा माल एकदम बाजारात, म्हणून भाव पडलेला. भाव चढेपर्यंत थांबायचं म्हटलं, तर हातात पैसा नाही. मध्य प्रांत-वऱ्हाडात मंत्री असताना त्यांनी कर्ज लवाद कायद्यासाठी जोर लावला, आणि १९३३ मध्ये तो कायदा आला. सावकाराशी बसून कर्ज कमी करून घेण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली.

थांबण्याची ताकद

पुढे ते संविधान सभेत गेले. १९५२ पासून दहा वर्षं ते केंद्रीय मंत्रिमंडळात होते आणि शेतीचं खातं सांभाळत होते. १९५५ मध्ये त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला. या संस्थेने १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं. देशोदेशींची यंत्रं तिथे शेतकऱ्यांना प्रत्यक्ष बघायला मिळाली.

त्यांच्या मंत्रिपदाच्या काळातच, १९५६ मध्ये गोदामांचा कायदा झाला आणि १९५७ मध्ये केंद्रीय वखार महामंडळ आलं. वखारीचं तंत्र साधं आहे: माल नीट वाळवून आणायचा, ठेवायचा, पावती घ्यायची. त्या पावतीवर बँक कर्ज देते. म्हणजे घर चालतं आणि माल पडेल भावात विकावा लागत नाही. आज ही पावती इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही मिळते.

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं. १९६९ मध्ये अकोल्याला कृषी विद्यापीठ सुरू झालं, त्याला त्यांचंच नाव मिळालं.

मग मशीन घ्यायचं का?

घरगुती फ्रीझ ड्रायरची किंमत लाखांत जाते. एक घाण २० ते ४० तास चालतो आणि तेवढा वेळ वीज लागते. तर्रीदार भाजी, तेलकट झुणका त्यात नीट टिकत नाही, कारण तेल वाळत नाही, खवट होतं. संत्र्याच्या फोडी वाळतात, पण साखरेमुळे वेळ जास्त लागतो आणि हवा लागली की चिकट होतात. सगळ्यात महत्त्वाचं: मधोमध ओल राहिली आणि तसंच हवाबंद पाकीट केलं, तर विषारी जंतू वाढू शकतात. म्हणून फोड मोडून पाहा, आतून थंड किंवा मऊ लागली तर पुन्हा मशीनमध्ये टाका.

एकट्या रूमवाल्याला हा सौदा परवडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पण दहा-वीस घरांनी, बचत गटाने किंवा शेतकरी कंपनीने मिळून घेतलं तर गणित बदलतं. शाळा असो, शेतकरी संघटना असो, भाऊसाहेबांनी प्रत्येक मोठं काम दहा जणांना जोडूनच केलं. आणि तोवर? गच्ची आहे, मे महिना आहे, वऱ्हाडचं ऊन तर फुकटच आहे!