उसळत्या झऱ्याची नाडी पाहणारा रसायनज्ञ

शहरातल्या घराघरांत सकाळी ज्याचे बटण प्रथम दाबले जाते, त्या ‘गीझर’चे नाव मुळात एका झऱ्याचे आहे. आइसलँडच्या नैर्ऋत्य भागात होकादालूर नावाचे खोरे आहे. तेथील ‘गेसिर’ हे उकळत्या पाण्याचे कारंजे शतकानुशतके प्रसिद्ध होते. जगभरच्या अशा सर्व कारंज्यांना पुढे त्याचेच नाव मिळाले. दुसरे एक नाव आपल्याला शाळेच्या प्रयोगशाळेत भेटते, ते म्हणजे बन्सनचा ज्वालक. ही दोन नावे १८४६च्या उन्हाळ्यात एकत्र आली होती, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते.

रॉबर्ट विल्हेल्म बन्सन यांचा जन्म १८११ मध्ये जर्मनीतील गटिंगेन येथे झाला. वडील तेथील विद्यापीठात प्राध्यापक आणि ग्रंथपाल होते. वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, १८३१ मध्ये, बन्सन यांनी डॉक्टरेट मिळवली. १८३४ मध्ये त्यांनी आर्सेनिकच्या विषबाधेवर लोहाच्या हायड्रॉक्साइडचा उतारा सुचवला. त्यानंतर त्यांनी आर्सेनिकच्याच अत्यंत विषारी, हवेत आपोआप पेट घेणाऱ्या संयुगांवर काम हाती घेतले. या संशोधनाची त्यांना मोठी किंमत मोजावी लागली. प्रयोगशाळेत स्फोट होऊन उजव्या डोळ्याची दृष्टी कायमची गेली आणि विषबाधेमुळे ते मृत्यूच्या दारातून परतले. पण धोक्याजवळ जाऊन मोजमाप घेण्याची त्यांची सवय काही सुटली नाही.

१८४५ मध्ये आइसलँडमधील हेक्ला ज्वालामुखी जागा झाला. पुढच्याच वर्षी डेन्मार्क सरकारच्या साहाय्याने शास्त्रज्ञांचे एक पथक तेथे निघाले. मारबुर्ग येथे प्राध्यापक असलेले बन्सन त्यात सहभागी झाले. रसायनशास्त्र हा त्यांचा पेशा असला तरी भूशास्त्रावर त्यांचे मनापासून प्रेम होते. फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ देक्लोइझो यांच्यासह त्यांनी गेसिरच्या काठी तळ ठोकला.

गेसिर का उसळते, याचे एक स्पष्टीकरण तेव्हा प्रचलित होते. स्कॉटलंडचे सर जॉर्ज मॅकेन्झी १८१० मध्ये तेथे गेले होते. जमिनीखाली एखादी पोकळी असावी, तिच्यात वाफ साठावी आणि दाब वाढला की तिने वरचे पाणी बाहेर फेकावे, असे त्यांनी मांडले होते. कल्पना पटण्याजोगी होती, पण आत डोकावून कुणी पाहिले नव्हते.

बन्सन यांनी नेमके तेच करायचे ठरवले. गेसिरची नळी सुमारे २२ मीटर खोल होती. तिच्या वर पाण्याचे रुंद, उथळ कुंड होते. मोठा उद्रेक केव्हा होईल, याचा नेम नव्हता. जमिनीखालून गडगडाट ऐकू यावा, कुंडातले पाणी फुगावे आणि पुन्हा शांत व्हावे, असे वारंवार घडे. अशा झऱ्याच्या तोंडाशी उभे राहून बन्सन आणि त्यांचे सहकारी दोराला बांधलेले उष्णतामापक निरनिराळ्या खोलीवर सोडत आणि नोंदी घेत. काही नोंदी तर मोठ्या उद्रेकाच्या जेमतेम काही मिनिटे आधीच्या आहेत. त्यांनी दोरीला दगड बांधूनही नळीत सोडले. तोंडाजवळचे दगड उंच फेकले गेले, खोलवरचे मात्र बाहेर पडले नाहीत. बाहेर फेकणारी शक्ती तळाशी नसून मधेच कुठेतरी आहे, याचा हा पुरावा होता.

उष्णतामापकांनीही तेच सांगितले. तळाशी तापमान सुमारे १२७ अंश सेल्सियस होते, पण वरच्या पाण्याच्या भारामुळे तेथे पाणी उकळायला सुमारे १३६ अंश लागले असते. तळापासून सुमारे नऊ मीटर वर मात्र पाणी १२२ अंशांच्या आसपास होते आणि तेथील उत्कलनबिंदू १२४ च्या जवळपास होता. खालून आलेल्या वाफेने हे पाणी दोन मीटर वर उचलले, की त्यावरचा दाब घटतो, उत्कलनबिंदू खाली येतो आणि ते एकदम उकळते. त्या वाफेने वरचे पाणी बाहेर पडते, दाब आणखी कमी होतो आणि खालचे पाणीही उकळू लागते. ही साखळी म्हणजेच उद्रेक.

पुढे १८५२ मध्ये बन्सन हायडेलबर्गला गेले. १८५५च्या सुमारास यंत्रज्ञ पीटर देसागा यांच्या साहाय्याने ज्वालक सिद्ध झाला. त्याचे पेटंट त्यांनी घेतले नाही. त्याच्या स्वच्छ ज्योतीच्या आधारे किर्खोफ यांच्यासमवेत त्यांनी वर्णपटाद्वारे मूलद्रव्ये ओळखण्याची पद्धत उभारली. १८६० मध्ये सीझियमचा शोध लागला, तोही ड्युर्कहाइमच्या झऱ्याच्या खनिजयुक्त पाण्यात. एक डोळा गमावलेल्या माणसाने जगाला प्रकाश वाचायला शिकवले. आजन्म अविवाहित राहिलेले बन्सन १८८९ मध्ये निवृत्त झाले आणि पुन्हा भूशास्त्राकडे वळले. १६ ऑगस्ट १८९९ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचा सिद्धांत जसाच्या तसा टिकला, असे मात्र नाही. रशियातील कामचाटका येथे संशोधकांनी झऱ्यांच्या नळ्यांत कॅमेरे सोडले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वाफ अडवून धरणाऱ्या बाजूच्या पोकळ्या आढळल्या. म्हणजे मॅकेन्झी यांची पोकळी काही अंशी परत आली. हवामानाचाही हिशेब मांडला गेला. अमेरिकेच्या येलोस्टोन उद्यानातील ‘डेझी’ हा उघड्या कुंडाचा झरा थंडी आणि वारा असताना उशिरा उसळतो, कारण कुंडाचा पृष्ठभाग निवतो. अरुंद तोंडाच्या ‘ओल्ड फेथफुल’वर मात्र असा परिणाम दिसला नाही. हे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. दाब आणि उत्कलनबिंदू यांचे जे नाते बन्सन यांनी दाखवले, ते मात्र या साऱ्या अभ्यासांच्या पायाशी आहे.

खुद्द गेसिर १९१६ नंतर बहुतांश काळ निद्रिस्त राहिले. २००० सालच्या भूकंपांनंतर ते काही काळ जागे झाले होते. त्याच्या शेजारचा ‘स्ट्रोकूर’ दर काही मिनिटांनी उसळतो आणि पर्यटक कॅमेरे रोखून त्याची वाट पाहतात. बन्सन यांनीही वाटच पाहिली होती. फरक इतकाच, की त्यांच्या हातात दोर होता आणि त्याच्या टोकाला उष्णतामापक.