लोकसंख्येचें गणित मांडणारा पाळक : थॉमस रॉबर्ट माल्थस

ज्याचें नांव ऐकतांच मनापुढें दुष्काळ आणि उपासमार यांचें चित्र उभें राहतें, तो माणूस प्रत्यक्षांत शांत, हंसतमुख व मायाळू होता असें सांगितलें तर पुष्कळांस आश्चर्य वाटेल. थॉमस रॉबर्ट माल्थस हा धर्मोपदेशक होता आणि पुष्कळ काळ तो शिक्षकही होता. माणसें वाढत चाललीं तर त्यांस अन्न कोठून पुरेल, हा प्रश्न त्यानें जगापुढें असा मांडला कीं, सवादोनशें वर्षें लोटलीं तरी त्यावरील वाद मिटलेला नाहीं. नोव्हेंबर २०२२ मध्यें जगाची लोकसंख्या ८०० कोटी झाल्याचें संयुक्त राष्ट्रसंघानें जाहीर केलें. अशा काळांत या पुरुषाचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं वाचावें असें आम्हांस वाटतें.

माल्थसचा जन्म १३ फेब्रुवारी १७६६ रोजीं इंग्लंडांतील सरे परगण्यांत झाला. त्याचे वडील डॅनियल माल्थस हे सुखवस्तु व विद्याव्यासंगी गृहस्थ असून फ्रेंच तत्त्ववेत्ता रूसो याचे मोठे चाहते होते. थॉमस जन्मतःच दुभंगलेला ओंठ व टाळू घेऊन आला होता, त्यामुळें त्याचा उच्चार जन्मभर सदोष राहिला. परंतु या व्यंगानें तो खचला नाहीं. १७८४ सालीं तो केंब्रिज येथील जीझस कॉलेजांत दाखल झाला आणि १७८८ सालीं गणिताच्या परीक्षेंत नववा आला. पुढें हॅरिएट मार्टिनो या बहिऱ्या लेखिकेनें आपला अनुभव लिहून ठेवला आहे. इतरांचें बोलणें ऐकण्यास तिला कर्णनळी लागे, पण माल्थसचें बोलणें तिला नळीवांचून समजे! ज्या मुलांस बोलतांना अडखळण्याची लाज वाटते, त्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

धर्मोपदेशकाची दीक्षा घेतल्यावर माल्थसला सरे परगण्यांतील ओकवुड या खेड्यांतील लहानशा देवळाचें काम मिळालें. मजुरांचीं मुलें वयाच्या मानानें किती खुरटलेलीं असतात, हें त्यानें जवळून पाहिलें. चौदापंधरा वर्षांचा वाटणारा मुलगा विचारल्यावर अठराएकोणीस वर्षांचा निघे. याच सुमारास इंग्लंडांत विल्यम गॉडविन व फ्रान्सांत काँदोर्से हे विचारवंत मनुष्यजातीच्या अमर्याद प्रगतीचें चित्र रंगवीत होते. समाजाची घडी सुधारली कीं दारिद्र्य नाहींसें होईल, असा त्यांचा विश्वास होता. वृद्ध डॅनियल यांस हे विचार पटत, मुलास मात्र पटत नसत. बापलेकांच्या या वादांतूनच १७९८ सालीं लोकसंख्येवरील तो प्रसिद्ध निबंध जन्मास आला. प्रथम त्यावर लेखकाचें नांवही नव्हतें.

त्यांतील मुख्य विचार शाळकरी गणितानें समजण्याजोगा आहे. अडथळा नसेल तर लोकसंख्या दर पंचवीस वर्षांनीं दुप्पट होते, म्हणजे १, २, ४, ८, १६ अशी वाढते. अन्न मात्र फार तर १, २, ३, ४, ५ असें वाढेल. या हिशेबानें दोनशें वर्षांत माणसें २५६ पट आणि अन्न अवघें ९ पट होईल. अर्थात् असें प्रत्यक्षांत घडूं शकत नाहीं. दुष्काळ, रोगराई व युद्ध तरी माणसांची संख्या कमी करतील, नाहीं तर माणसांनीं स्वतःच जन्म कमी केले पाहिजेत, असें त्याचें म्हणणें होतें. १८०३ सालीं त्यानें हा निबंध पुष्कळ वाढवून स्वतःच्या नांवानें पुन्हां प्रसिद्ध केला आणि कुटुंब पोसण्याची ऐपत येईपर्यंत लग्न लांबवावें व तोंवर शुद्ध आचरण ठेवावें, हा उपाय सांगितला. त्यानें स्वतः १८०४ सालीं, वयाच्या अडतिसाव्या वर्षीं, लग्न केलें.

या ग्रंथाला एक कठोर बाजूही होती. गरिबांस कायद्यानें मिळणारी मदत त्यांची संख्या व धान्याचे भाव मात्र वाढविते, म्हणून ती हळूहळू बंद करावी असें त्याचें मत होतें. ज्याला आईबाप पोसूं शकत नाहींत व ज्याच्या श्रमांची समाजाला गरज नाहीं, त्याचा अन्नावर हक्कच नाहीं, अशा आशयाचा एक परिच्छेद १८०३ च्या आवृत्तींत होता. त्यावर टीका झाली आणि १८०६ च्या आवृत्तींतून त्यानें तो काढून टाकला. त्याच ग्रंथांत गरिबांच्या मुलांसाठीं गांवोगांव शाळा असाव्या, असाही त्याचा आग्रह होता. परंतु लोकांच्या लक्षांत कठोर शब्दच राहिले, शाळांची गोष्ट विसरली गेली.

१८०५ सालीं ईस्ट इंडिया कंपनीनें हिंदुस्थानांत पाठवावयाच्या तरुण अधिकाऱ्यांसाठीं काढलेल्या कॉलेजांत माल्थस इतिहास व अर्थशास्त्र यांचा अध्यापक झाला. हें कॉलेज पुढें हेलबरी येथें नेण्यांत आलें. तेथें त्यानें मरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षें, शिकविलें. लोकसंख्येच्या इंग्रजी शब्दावरून मुलें त्याला लाडानें ‘पॉप’ म्हणत. डिसेंबर १८३४ मध्यें बाथ येथें त्याचें देहावसान झालें. तेथील मठमंदिरांत त्याची कबर आहे.

माल्थसचें आयुष्य येथें संपलें, पण शिक्षकाचें काम त्याच्याबरोबर संपत नाहीं. रॉबर्ट कीथ प्रिंगल हा त्याचा हेलबरीचा विद्यार्थी पुणें जिल्ह्यांत अधिकारी होऊन आला. जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाविषयीं जो सिद्धांत तो वर्गांत शिकला होता, त्याच्या आधारें त्यानें १८३० च्या सुमारास जिल्ह्याची पाहणी करून निव्वळ उत्पन्नाच्या शेंकडा ५५ इतका सारा ठरविला. कागदावरचा हिशेब मोठा नेटका होता, पण इंदापूरच्या कोरडवाहू रानांत तो चालला नाहीं. कर जड झाला आणि शेतकरी जमिनी टाकून जाऊं लागले. शेवटीं १८३६ सालीं गोल्डस्मिड व विंगेट यांस इंदापुरापासूनच नवी पाहणी सुरू करावी लागली.

हेलबरीचा दुसरा विद्यार्थी चार्ल्स ट्रेव्हेलियन याच्या हातीं १८४५ पासून सुरू झालेल्या आयर्लंडच्या दुष्काळांतील सरकारी मदतीचीं सूत्रें होतीं. फार मदत केल्यास लोक परावलंबी होतील, या भीतीनें त्यानें हात आखडता घेतला. त्या दुष्काळांत सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं, आणि त्याच काळांत त्या देशांतून धान्य व गुरें बाहेर जातच होतीं. याचा सारा दोष मृत गुरूच्या माथीं मारणें न्यायाचें नाहीं. परंतु सिद्धांत पाठ झाला आणि त्यामागची करुणा पाठ झाली नाहीं, तर काय होतें तें यावरून दिसतें.

आज मागें वळून पाहतां माल्थसचें गणित कोठें चुकलें तें सांगतां येतें. १८०० च्या सुमारास जगांत सुमारें १०० कोटी माणसें होतीं, आज त्यांच्या आठपट आहेत. तरी अन्न तितकेंच मागें राहिलें नाहीं. हाबर व बॉश या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनीं हवेंतील नायट्रोजनापासून खत करण्याची युक्ति काढली आणि नॉर्मन बोरलॉग यानें भरघोस पिकणारे बुटके गहूं तयार केले. दुसरें असें कीं, जेथें बालमृत्यु घटले आणि मुली शिकल्या तेथें जन्मही आपोआप कमी झाले. भारताची लोकसंख्या १९५१ सालीं ३६ कोटी होती, ती २०११ सालीं १२१ कोटी झाली. परंतु १९५१ च्या सुमारास एका स्त्रीस सरासरीनें सहा मुलें होत, तीं २०१९-२१ च्या पाहणींत दोनांवर आलीं. येथें दुष्काळापेक्षां शाळेनें अधिक काम केलें.

तथापि माल्थसचा प्रश्न निकाली निघाला असें आम्ही म्हणत नाहीं. पाणी, जमीन व जंगल यांस मर्यादा आहेत. शहरें माणसांनीं तुडुंब भरलीं आहेत, आणि कोठारांत धान्य असूनही कोणी उपाशी निजतो. मर्यादा ओळखावयास माल्थसनें शिकविलें, यासाठीं आपण त्याचे ऋणी आहों. मात्र आपल्या प्रभूनें अरण्यांत पांच हजारांचा समुदाय पाहिला तेव्हां त्यास त्यांची संख्या नव्हे तर भूक आधीं दिसली, हें ख्रिस्ती मनुष्यानें विसरूं नये.

पालकांस आमची विनंती इतकीच कीं, घरांत मुलगी शिकत असेल तर तिचें शिक्षण मध्येंच थांबवूं नये. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कोणी उद्यां अधिकारी होऊन माणसांचे तक्ते भरीत बसेल. त्यानें एकदां त्या आंकड्यांमागच्या घरीं स्वतः जाऊन यावें.