देशाच्या मिठाला जागलेला सेनानी

नोव्हेंबर १९४५ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात एक खटला सुरू झाला. आरोपी तीन होते : शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लाँ. एक मुसलमान, एक हिंदू आणि एक शीख. इंग्लंडच्या राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप तिघांवरही होता. याच किल्ल्यात १८५८ साली इंग्रजांनी बादशहा बहादूरशाह जफर यांच्यावर खटला चालवला होता.

शाहनवाज खान यांचा जन्म १९१४ साली रावळपिंडी जिल्ह्यातील मटोर या गावी झाला. त्यांचे घराणे शिपाईगिरीचे होते. वडिलांनी तीस वर्षे इंग्रजांच्या लष्करात नोकरी केली होती. खाल्ल्या मिठाला जागावे, ही शिकवण त्यांना लहानपणापासून मिळाली. डेहराडूनच्या लष्करी विद्यालयात शिकून तेही सैन्यात अधिकारी झाले.

दुसऱ्या महायुद्धात त्यांना सिंगापूरला पाठवण्यात आले. फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानने सिंगापूर जिंकले आणि ते हजारो हिंदी सैनिकांबरोबर युद्धकैदी झाले. या कैद्यांतूनच आझाद हिंद फौज उभी राहिली. सुरुवातीला शाहनवाज यांचा तिला विरोध होता. जपानी लोकांच्या हेतूंवर त्यांचा विश्वास नव्हता. शिवाय राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ त्यांनी घेतली होती.

१९४३ मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस सिंगापूरला आले. त्यांची भाषणे ऐकून शाहनवाज यांच्या मनात मोठी खळबळ उडाली. राजा मोठा की देश मोठा, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. देशासाठी लढायचे, तर इंग्रजांच्या सैन्यातील आपल्याच भाऊबंदांवर बंदूक उचलण्याची वेळ येणार होती. तरीही त्यांनी देशाची निवड केली.

इत्तेहाद, एतमाद आणि कुर्बानी म्हणजेच एकी, विश्वास आणि बलिदान हे आझाद हिंद फौजेचे ब्रीद होते. या फौजेच्या सुभाष ब्रिगेडचे नेतृत्व शाहनवाज यांच्याकडे आले. १९४४ मध्ये ब्रह्मदेशच्या सीमेवरील डोंगरांत त्यांचे सैनिक लढले. धान्य अपुरे, औषधे नाहीत, त्यात मुसळधार पाऊस आणि मलेरिया. अनेक सैनिक गोळीने नव्हे, तर उपासमारीने आणि आजाराने मेले. अखेर मे १९४५ मध्ये शाहनवाज इंग्रजांच्या हाती सापडले.

लाल किल्ल्यातील खटल्यात मुंबईचे नामवंत वकील भुलाभाई देसाई यांनी आरोपींची बाजू मांडली. गुलाम देशाला स्वातंत्र्यासाठी लढण्याचा हक्क आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तिघांनाही जन्मठेपेची शिक्षा दिली आणि लष्करातून बडतर्फ केले. परंतु देशभर लोक रस्त्यावर उतरले होते. जनतेचा रोष पाहून सरसेनापतींनी जानेवारी १९४६ मध्ये जन्मठेप रद्द केली. पुढच्याच महिन्यात मुंबईत नौसैनिकांनी बंड केले. आझाद हिंद फौजेच्या कैद्यांना सोडा, ही त्यांचीही एक मागणी होती.

१९४७ मध्ये देशाची फाळणी झाली. मटोर गाव पाकिस्तानात गेले. शाहनवाज यांना पुन्हा एकदा निवड करावी लागली. वाडवडिलांचे घर सोडून ते भारतातच राहिले. शस्त्र खाली ठेवून त्यांनी काँग्रेसच्या कार्याला वाहून घेतले. १८५७ चा उठाव ज्या मेरठमध्ये सुरू झाला, तेथील मतदारांनी १९५२, १९५७, १९६२ आणि १९७१ साली त्यांना लोकसभेत पाठवले. १९६७ मध्ये मात्र त्यांचा पराभव झाला. केंद्रात रेल्वे आणि शेती यांसारख्या खात्यांचे काम त्यांनी पाहिले.

१९५६ मध्ये सरकारने त्यांच्यावर एक अवघड काम सोपवले. नेताजींच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या तीन सदस्यांच्या समितीचे ते अध्यक्ष झाले. नेताजी विमान अपघातात मरण पावले, असा निष्कर्ष समितीने काढला. समितीतील एक सदस्य, नेताजींचे बंधू सुरेशचंद्र बोस, यांना तो मान्य झाला नाही. अनेक लोकांनाही तो पटला नाही. ज्या नेत्यासाठी प्राण द्यायला शाहनवाज निघाले होते, त्याच्याच मृत्यूवर सही करणे त्यांना सोपे गेले नसेल. तरी पुराव्यांवरून जे खरे वाटले, ते त्यांनी लिहिले.

१९८३ साली शाहनवाज खान यांचे निधन झाले. खाल्ल्या मिठाला जागण्याची घरची शिकवण त्यांनी कधीच सोडली नाही. मात्र ते मीठ राजाचे नसून आपल्या मातीचे आहे, हे त्यांनी ओळखले आणि त्याची किंमतही मोजली.