मुरूड ते सातारा : एका विद्यार्थ्याची पायपीट
(महर्षी धोंडो केशव कर्वे)

महर्षी कर्वे म्हटलं की आपल्याला भारतरत्न, महिला विद्यापीठ आणि १०४ वर्षांचं आयुष्य आठवतं. मुलंही निबंधात तेवढंच लिहितात. पण त्यांच्या शाळकरी वयातली एक गोष्ट मुलांना जास्त जवळची वाटेल. ती परीक्षेची गोष्ट आहे, जंगलातल्या वाटेची आहे आणि नशिबाचीही आहे.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या शेरवली या गावी, आजोळी झाला. बालपण दापोलीजवळच्या मुरूडला गेलं. घरची स्थिती बेताची. अंगकाठी बारीक, स्वभाव लाजाळू, चारचौघांत बोलायची भीती. एक गोष्ट मात्र चांगली घडली, त्यांना सोमण गुरुजी भेटले. गावासाठी, शाळेसाठी झटणारा हा शिक्षक. मुलांनी पुस्तकापलीकडचं काही करावं असं त्यांना वाटे. असा शिक्षक लाभणं हे विद्यार्थ्याचं पहिलं नशीब.

त्या काळी सहावी इयत्तेची सरकारी परीक्षा महत्त्वाची असे. ती पास झाली की मास्तरकी मिळण्याचा मार्ग मोकळा होई. पण मुरूडला परीक्षेचं केंद्र नव्हतं. मुंबईला जायचं तर बोट, आणि पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावरच्या बोटींचा भरवसा नसे. दुसरं केंद्र सातारा, म्हणजे मध्ये सह्याद्री आडवा. धोंडू आणि त्याच्या सोबत्यांनी ठरवलं, चालत जायचं.

हे अंतर शंभर मैलांहून जास्त. चिपळूणच्या बाजूने कुंभार्ली घाट चढायचा, कोयनेच्या खोऱ्यात उतरायचं आणि मग साताऱ्याची वाट धरायची. वरून पाऊस, पायाखाली चिखल, दोन्ही बाजूंना रान. आपल्या कळव्याच्या मागचा पारसिक डोंगर भर पावसात कसा दिसतो, ते मुलांना आठवायला सांगा. सह्याद्रीचा घाट त्याच्या कितीतरी पट उंच, आणि तेव्हा वाटेत ना टपरी, ना एसटी. हातात दिवस मोजकेच. तरी ही मुलं चार दिवसांत साताऱ्याला पोहोचली. अशा वाटेवर ओढ्याला पाणी किती आलंय, अंधार कधी पडणार, मुक्काम कुठे करायचा हे ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं. पाऊस थांबणं आपल्या हातात नसतं, सोबत न सोडणं आणि वेळेत निघणं हातात असतं.

साताऱ्यात मात्र नशिबाने दगा दिला. परीक्षेला बसायला सतरा वर्षं पूर्ण हवीत असा नियम होता. धोंडूची सतरा पूर्ण झाली होती. पण चण लहान, चेहरा पोरसवदा. साहेबांनी एकदा पाहिलं, हा सतरा वर्षांचा वाटत नाही म्हणाले आणि परीक्षेला बसू दिलं नाही. आला त्या वाटेने परत!

इथे गोष्ट संपू शकली असती. घरच्यांनीही समजून घेतलं असतं. पण पुढच्या वर्षी हा मुलगा कोल्हापूरला गेला. ते तर साताऱ्याहूनही लांब. तिथे त्याने ती परीक्षा पास केली. मग रत्नागिरी, मुंबई असं करत १८८१ साली, तेविसाव्या वर्षी तो मॅट्रिक झाला. शिकवण्या करून खर्च भागवला आणि १८८४ मध्ये गणित घेऊन बी.ए. झाला.

१८९१ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्यांना फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला बोलावलं. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. त्याच आपल्या आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे. मुरूडने त्यांना वाळीत टाकलं. तरी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू झाला. १९०० मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्याला एका झोपडीत गेला. दिवसभर कॉलेजात शिकवायचं आणि मग चिखल तुडवत हिंगण्याला जायचं, हा त्यांचा क्रम झाला. मुरूडच्या मुलाची चालायची सवय इथे कामाला आली.

१९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन झालं. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला १५ लाखांची देणगी दिली. याला नशीब म्हणायचं तर म्हणा, पण त्याआधी वीस-पंचवीस वर्षं एक माणूस दारोदार वर्गणी मागत फिरला होता. आज कळव्याची एखादी मुलगी लोकल बदलत एसएनडीटीला जाते, तिचा रस्ता असा तयार झालाय. १९५८ मध्ये, शंभराव्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळालं. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांचं निधन झालं.

पालकांनी मुलांना ही गोष्ट सांगताना साताऱ्याचा नकार गाळू नये. मेहनत केली की यश मिळतंच, असं आपण सांगतो आणि ते पूर्ण खरं नसतं. चार दिवस चालूनही दार बंद मिळू शकतं. त्यानंतर काय करायचं, ते मुलांना कर्व्यांच्या दुसऱ्या वर्षाकडून शिकता येईल.

आणि आपण शिक्षकांनी? आपण बऱ्याचदा टेबलाच्या त्या बाजूला, साहेबांच्या खुर्चीत बसलेलो असतो. मुलाचा चेहरा, कपडे, बोलणं पाहून याला हे झेपणार नाही असं पटकन ठरवतो. ते मूल किती चालून आलंय, हे आपल्याला दिसत नाही. मुलांच्या नशिबाचा थोडा भाग आपल्या हातात असतो. तेवढा तरी नीट सांभाळू या.

वर्गात विचारण्यासाठी :
१. मुरूड ते सातारा ही वाट नकाशावर शोधा. वाटेत कोणत्या अडचणी आल्या असतील?
२. या गोष्टीत नशिबाने काय घडलं आणि प्रयत्नाने काय घडलं, याच्या दोन याद्या करा.
३. तुम्ही धोंडूच्या जागी असता तर साताऱ्याहून परतताना काय ठरवलं असतं?