घरात समुद्र आणणारा निसर्गपंडित : फिलिप हेन्री गॉस

समुद्राकाठी वाढलेल्या मुलाने एक प्रयोग बहुधा केलेला असतो. ओहोटी लागली की खडकांच्या खळग्यांत पाणी साठून राहते. त्यात चिमुकले मासे, शंखात दडणारे खेकडे, काचेसारखी पारदर्शक कोळंबी खेळताना दिसते. मूल त्यांतले दोन-चार जीव बाटलीत घालते, वर समुद्राचे पाणी ओतते आणि मोठ्या हौसेने घरी आणते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावे तो पाण्याला दुर्गंधी सुटलेली आणि जीव गतप्राण झालेले! आम्हीही लहानपणी हा प्रयोग केला आहे आणि त्यापायी आईची बोलणीही खाल्ली आहेत. पाणी समुद्राचे, जीवही समुद्राचेच; मग समुद्रात जगणारे घरात का जगू नये? हा प्रश्न त्या वयात आमच्या मनात आला आणि विरून गेला. ज्या थोड्या माणसांनी तो विरू दिला नाही, त्यांत इंग्लंडमधील निसर्गशास्त्रज्ञ फिलिप हेन्री गॉस यांचे स्थान फार वरचे आहे. जलचरांच्या काचपेटीला आज आपण ज्या नावाने ओळखतो, तो अॅक्वेरियम हा शब्द त्यांनीच रूढ केला. त्यांचे चरित्र जसे यशाचे तसेच एका मोठ्या खंतीचेही आहे, म्हणूनच ते आमच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवावेसे वाटते.

फिलिपचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी वूस्टर या गावी झाला. वडील गावोगाव हिंडून लहान आकाराची व्यक्तिचित्रे काढीत. या व्यवसायात पैसा बेताचाच मिळे. मुलाला वडिलांकडून इस्टेट मिळाली नाही. पण बारीक कुंचल्याने अचूक रंग भरण्याची हातोटी मिळाली आणि हीच विद्या पुढे त्याच्या कामी आली. त्याचे बालपण पूल नावाच्या बंदरात गेले. तेथे त्याच्या एका आत्याला निसर्गाची आवड होती. धक्क्याच्या दगडांना चिकटलेली समुद्रपुष्पे तिने त्याला दाखविली आणि ती खाऱ्या पाण्यात जिवंत ठेवून पाहावीत असे सुचविले. समुद्रपुष्प हे नावापुरतेच पुष्प. वस्तुतः तो प्राणी आहे. पाकळ्यांसारख्या दिसणाऱ्या स्पर्शकांनी तो भक्ष्य पकडतो. प्रवाळ हा त्याचाच जवळचा भाऊबंद. आत्याने मुलाच्या मनात पेरलेले हे बीज रुजायला पुढे तीस वर्षे लागली.

ती वर्षे भटकंतीत आणि कष्टात गेली. वयाच्या सतराव्या वर्षी, १८२७ मध्ये, फिलिप अटलांटिक ओलांडून न्यू फाउंडलंड बेटावरील कार्बोनिअर येथे एका व्यापारी पेढीत कारकून म्हणून रुजू झाला. दिवसा हिशेबाच्या वह्या आणि उरलेल्या वेळी कीटकांचा अभ्यास, असा त्याचा क्रम होता. १८३२ मध्ये सूक्ष्मदर्शक यंत्रावरील एक जुने पुस्तक त्याच्या हाती पडले आणि आपले खरे काम कोणते याची त्याला जाणीव झाली. १८३५ मध्ये त्याने कॅनडात शेती करून पाहिली, पण तीन वर्षांत ती अंगावर आली. १८३८ मध्ये अमेरिकेतील अलाबामा राज्यात त्याने काही महिने शाळामास्तरकी केली. तेथील गुलामगिरीने त्याचे मन विटले. १८३९ मध्ये तो मायदेशी परतला तेव्हा खिसा रिकामा होता, परंतु पेटीत टिपणे आणि चित्रे भरपूर होती. परतीच्या प्रवासातच लिहिलेले कॅनडाच्या निसर्गावरील पुस्तक १८४० मध्ये प्रसिद्ध झाले आणि लेखक म्हणून गॉस यांची वाटचाल सुरू झाली. १८४४ मध्ये ते जमेकात गेले. तेथे दीड वर्ष राहून त्यांनी पक्ष्यांचा अभ्यास केला. १८४८ मध्ये एमिली बोज या विदुषीशी त्यांचा विवाह झाला आणि पुढच्या वर्षी एडमंड हा पुत्र जन्मला.

अतिश्रमाने १८५२ मध्ये त्यांची प्रकृती ढासळली, तेव्हा ते कुटुंबासह डेव्हन परगण्याच्या किनाऱ्यावर राहावयास गेले. विश्रांती हे निमित्त होते. रोज ओहोटी लागली की गॉस हातोडी, छिन्नी आणि बरण्या घेऊन खडकांकडे निघत. गुडघा-गुडघा पाण्यात उभे राहून, कपारीत डोके घालून ते तासन् तास निरीक्षण करीत. आत्याने दाखविलेली समुद्रपुष्पे पुन्हा त्यांच्यासमोर होती. आणि ती घरात जगवायची कशी, हा प्रश्नही पुन्हा उभा होता.

या प्रश्नाला हात घालणारे गॉस पहिले नव्हेत, हे सांगितले पाहिजे. १८३२ च्या सुमारास सिसिली बेटावर झान व्हिलप्र-पॉवर या फ्रेंच विदुषीने सागरी प्राणी काचेच्या पेटीत ठेवून अभ्यासिले होते. १८४६ मध्ये ॲना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ थेट लंडनला नेले. रोज ताजे समुद्रपाणी तेथे कोठून मिळणार? म्हणून तेच पाणी उघड्या खिडकीसमोर एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतून त्यात हवा मिसळवीत. रोज अर्धा-पाऊण तास चालणारे हे कंटाळवाणे काम त्यांची मोलकरीण करी! शास्त्राच्या इतिहासात त्या मोलकरणीचे नाव कोणी घेत नाही, पण ते प्रवाळ जगले ते तिच्या हातांनी. पुढे १८५९ मध्ये ॲनाबाईंची निरीक्षणे शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली, तेव्हा गॉस यांनी त्यांना आपली टिपणे जोडली. तिकडे १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने गोड्या पाण्यात सोनमासे, पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवून त्यांचा मेळ घालून दाखविला होता.

या मेळाचे तत्त्व सोपे आहे. प्राणी श्वसन करताना पाण्यातील प्राणवायू घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. वनस्पती उजेडात याच्या उलट व्यवहार करतात. दोहोंचे प्रमाण जुळले तर पाणी वारंवार न बदलताही पेटी ताजी राहते. गॉस यांनी हे तत्त्व समुद्राच्या पाण्याला लावले. कोणते शैवल पेटीत टिकते, उजेड किती द्यावा, किती पाण्यात किती प्राणी ठेवावेत, हे त्यांनी एकेका भांड्यावर प्रयोग करून ठरविले. पातळ हिरव्या पानांसारखे शैवल सर्वांत उपयोगी पडते, असे त्यांना आढळले. शैवल उपटून आणले तर मरते. ते ज्या दगडाला धरून असते त्या दगडाचा तुकडा छिन्नीने फोडून त्यासह आणावे, हा त्यांचा महत्त्वाचा नियम. हा नियम वाचकांनी ध्यानात ठेवावा. तो पुढे त्यांच्याच मनाला टोचणार होता.

१८५३ च्या मे महिन्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय ते हेच. त्यासाठी वेमथच्या किनाऱ्यावरून जिवंत प्राणी आणि शैवले पाठविण्याचे काम गॉस यांनी केले. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, त्यांचा अॅक्वेरियमवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. पेटी कशी करावी, तळाला काय घालावे, जीव कसे निवडावेत, हे सारे त्यात सुबोध शैलीत सांगितले होते. आतील रंगीत चित्रे त्यांच्याच हातची होती. वडिलांची विद्या अशी फळास आली. त्याच वर्षी समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी त्यांनी कृत्रिम समुद्रपाण्याची कृतीही प्रसिद्ध केली. साधे मीठ, एप्सम मीठ, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड ही चार द्रव्ये गोड्या पाण्यात ठराविक प्रमाणात मिसळावयाची. मग त्यात आधी शैवल घालावयाचे आणि काही दिवसांनी प्राणी सोडावयाचे, अशी ती रीत होती.

ग्रंथ हातोहात खपला. इंग्लंडमधील काचेवरील कर १८४५ मध्ये उठला होता, आगगाडी किनाऱ्यापर्यंत पोहोचली होती आणि मध्यमवर्गाच्या हाती थोडा पैसा व सवड आली होती. बघता बघता काचेची सागरपेटी हे दिवाणखान्याचे भूषण झाले. १८५६ मध्ये रॉयल सोसायटीने गॉस यांना सभासद करून घेतले. ज्याने कधी विद्यापीठाची पायरी चढली नाही, त्या माणसाचा हा गौरव होता.

यशाच्या या शिखरावरच त्यांच्यावर दुःखाचा घाला पडला. फेब्रुवारी १८५७ मध्ये एमिलीबाई कर्करोगाने वारल्या. गॉस यांची बायबलवर अढळ श्रद्धा होती. भूगर्भातील प्राचीन अवशेष आणि बायबलातील सृष्टीची कथा यांचा मेळ घालण्यासाठी त्यांनी त्याच वर्षी एक ग्रंथ लिहिला. सृष्टी निर्माण झाली तीच मुळी जुनेपणाच्या खुणा घेऊन, असे त्याचे प्रतिपादन होते. शास्त्रज्ञांना ते पटले नाही आणि धर्मनिष्ठांनाही रुचले नाही. पाण्यातील जीवांचा मेळ साधणाऱ्याला हा मेळ साधला नाही. दुसरा कोणी असता तर खचून गेला असता. गॉस मात्र आठ वर्षांच्या मुलाला घेऊन डेव्हनमधील सेंट मेरीचर्च या गावी स्थायिक झाले आणि पुन्हा ओहोटीची वाट पाहू लागले. ब्रिटिश समुद्रपुष्पे आणि प्रवाळ यांवरील त्यांचा सचित्र ग्रंथ १८६० मध्ये पुरा झाला. शेंदरी आणि सोनेरी रंगाचा एक सुंदर प्रवाळ त्यांनीच प्रथम वर्णिला आहे.

आता त्या खंतीकडे वळावयाचे. गॉस यांची पुस्तके वाचून हजारो हौशी लोक किनाऱ्यावर उतरले. प्रत्येकाच्या हाती हातोडी, छिन्नी आणि बरणी. गॉस एक तुकडा फोडीत तो अभ्यासासाठी. हे लोक टोपल्या भरभरून नेऊ लागले. घरी आणलेले बहुतेक जीव मरत, म्हणून पुन्हा नवे आणीत. काही वर्षांतच जे खळगे बागेसारखे फुललेले असत ते उघडेबोडके पडले. पुढे त्यांचे पुत्र एडमंड गॉस हे नामवंत साहित्यिक झाले. वडिलांविषयीचे त्यांचे पुस्तक १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या बालपणी पाहिलेले ते किनारे आता कोणाच्याही दृष्टीस पडणार नाहीत, असे दुःख त्यांनी त्यात व्यक्त केले आहे. या नाशाला आपले ग्रंथ कारण झाले, हे वडिलांना पुढे उमगले होते आणि त्याचे शल्य त्यांना बोचत होते, असेही ते सांगतात. ज्याने समुद्रावर इतके प्रेम केले त्याच्याच शिकवणीने किनारा लुटला जावा, याहून मोठे दैवदुर्विलसित कोणते!

हौशी लोकांचे जीव का मरत? प्राण्यांच्या मलमूत्रातून अमोनिया हे विष पाण्यात उतरते. दगडांवर व वाळूत वाढणारे काही सूक्ष्मजंतू त्याचे टप्प्याटप्प्याने सौम्य द्रव्यात रूपांतर करतात. हे सूक्ष्मजंतू नव्या पेटीत वाढावयास काही आठवडे लागतात. त्याआधीच पेटी जीवांनी भरली तर सारे विषाने मरतात. आमच्या बाटलीत हेच झाले असणार, आणि जोडीला प्राणवायूही संपला असणार. गॉस यांच्या काळी हे सूक्ष्मजंतू कोणाला ठाऊक नव्हते. तरी शैवल आधी आणि प्राणी मागाहून, तेही थोडेच, ही त्यांची शिस्त बरोबर दिशेची होती. आजही घरी सागरपेटी मांडणारा मनुष्य लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार या हिशेबाने पाणी करतो, काही आठवडे ती रिकामीच चालू ठेवतो आणि मग एकेक जीव सोडतो. पेटीतच वाढविलेल्या प्रवाळाची फांदी तोडून तिच्यापासून नवा प्रवाळ वाढविता येतो, हे कळल्यापासून समुद्र ओरबाडण्याचे कारणही कमी झाले आहे.

उतारवयात गॉस यांनी ऑर्किडची बाग केली, ताऱ्यांचा वेध घेतला आणि वयाच्या ७६व्या वर्षी एका सहकाऱ्यासह सूक्ष्म जलचरांवरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. २३ ऑगस्ट १८८८ रोजी त्यांनी देह ठेवला.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या ग्रँड आयलंडभोवती आणि मालवणच्या किनाऱ्यालगतही प्रवाळ आहेत. २००१ पासून आपल्या देशात प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच मिळाले आहे; ते तोडणे किंवा विकणे गुन्हा आहे. परंतु खळग्यातील खेकड्याचे आणि समुद्रपुष्पाचे रक्षण करावयास प्रत्येक ओहोटीला शिपाई कोठून येणार? तेव्हा या सुट्टीत खडकांवर जाल तर वही-पेन्सिल बरोबर न्या. खळग्याशी अर्धा तास स्वस्थ बसा, दिसेल त्याचे चित्र काढा, उलटलेला दगड होता तसा ठेवा आणि बाटली घरीच राहू द्या. गॉस आज असते तर त्यांनी तुम्हांला हेच सांगितले असते, असे आम्हांस वाटते.