यंत्रवेडा हेन्री

अमेरिकेतील मिशिगन राज्यात डेट्रॉइट नावाचे मोठे शहर आहे. त्या शहराजवळ, डिअरबॉर्नच्या परिसरातील एका शेतकरी कुटुंबात ३० जुलै १८६३ रोजी हेन्री फोर्डचा जन्म झाला. त्या काळी नांगरणीपासून मळणीपर्यंतची बहुतेक कामे माणसे आणि घोडे यांच्याच बळावर चालत. हेन्रीला शेतीच्या कष्टांची गोडी नव्हती. परंतु एखादे अवजार मोडले, की त्याची स्वारी तेथे हजर होई.

१८७६ साली हेन्रीची आई वारली. घर सुने झाले. त्याच वर्षी एके दिवशी तो वडिलांबरोबर घोडागाडीतून डेट्रॉइटकडे निघाला असता समोरून एक अजब वाहन येताना दिसले. त्याला घोडे जुंपलेले नव्हते. वाफेच्या जोरावर ते आपले आपण चालत होते! हेन्रीने गाडीतून खाली उडी टाकली आणि इंजिन चालविणाऱ्यावर प्रश्नांचा भडिमार केला. त्या गृहस्थाने मुलाला सारे यंत्र समजावून दिले. ते दृश्य हेन्री जन्मभर विसरला नाही.

त्याच सुमारास त्याला एक घड्याळ मिळाले. ते आतून कसे चालते, हे पाहिल्यावाचून त्याला चैन पडेना. एक खिळा घासून त्याने लहानसा पेचकस बनविला आणि घड्याळ खोलले. खोलणे सोपे असते. सारी चाके पुन्हा जागच्या जागी बसविणे अवघड. हेन्रीला ते साधले. मग शेजारीपाजारी आपली बंद पडलेली घड्याळे त्याच्याकडे आणू लागले. मुके झालेले घड्याळ आपल्या हाताने पुन्हा टिकटिकू लागले, म्हणजे त्या मुलाला केवढा आनंद होत असेल!

१८७९ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, हेन्री डेट्रॉइटला गेला आणि एका यंत्रशाळेत उमेदवारी करू लागला. आठवड्याची मजुरी अडीच डॉलर आणि राहण्याजेवण्याचा खर्च साडेतीन डॉलर! हे गणित जुळविण्यासाठी तो रात्री एका जवाहिऱ्याच्या दुकानात घड्याळे दुरुस्त करी.

तीन वर्षांनी तो गावी परतला. १८८२ साली शेजारच्या एका शेतकऱ्याने मळणीसाठी वेस्टिंगहाउस कंपनीचे वाफेचे फिरते इंजिन विकत घेतले. परंतु ते चालविण्यास नेमलेल्या माणसाला त्याची भीती वाटू लागली. ती भीती अकारण नव्हती. बाष्पपात्रातील पाणी कमी झाले किंवा वाफेचा दाब मर्यादेबाहेर गेला, तर स्फोट होऊन माणसे दगावत. अखेर हेन्रीला बोलावणे आले. त्याच्याही मनात धाकधूक होती. तरीही त्याने काम पत्करले. पाण्याच्या पातळीवर नजर ठेवावी, जळण बेताने घालावे, फिरत्या भागांना वेळेवर तेल द्यावे, कोठे वेगळा आवाज येतो का हे कान देऊन ऐकावे, असा त्याचा दिवस गेला. संध्याकाळी तो थकून गेला होता. पण भीती पार पळाली होती. ८३ दिवस, रोज ३ डॉलर मजुरीवर, ते इंजिन त्याने शेतोशेती नेऊन चालविले. पुढे त्याच कंपनीने आपली इंजिने दुरुस्त करण्यासाठी त्याला नेमले.

दुरुस्ती करता करताच हेन्री नवे यंत्र घडविण्यास शिकला. १८९६ साली डेट्रॉइटमधील घरामागच्या खोपटात त्याने पेट्रोलवर चालणारी आपली पहिली गाडी तयार केली. गाडी सिद्ध झाली, तेव्हा दार तिच्या मानाने अरुंद असल्याचे ध्यानात आले! त्याने कुऱ्हाड घेऊन भिंतीच्या विटा पाडल्या आणि गाडी बाहेर काढली.

१९०३ साली त्याने फोर्ड मोटर कंपनी स्थापन केली. १९०८ मध्ये आलेली त्याची ‘मॉडेल टी’ मोटार इतकी साधी होती, की खेड्यातील शेतकरीही तिची बरीचशी दुरुस्ती स्वतः करीत. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी मोटारी तयार झाल्या. लहानपणी पाहिलेले शेतकऱ्याचे कष्टही हेन्री विसरला नव्हता. १९१७ साली त्याच्या कारखान्यातून ‘फोर्डसन’ ट्रॅक्टर बाहेर पडू लागले. ते जुने ट्रॅक्टर हौसेने दुरुस्त करून चालते ठेवणारी माणसे आजही आहेत.

हेन्रीचे सारेच वागणे अनुकरणीय होते, असे मात्र नाही. त्याच्या वृत्तपत्राने ज्यू लोकांविषयी द्वेष पसरविला. त्याबद्दल १९२७ साली त्याला जाहीर क्षमा मागावी लागली. कामगारांच्या संघटनांनाही त्याने दीर्घकाळ विरोध केला. यंत्राची कुरकुर कान देऊन ऐकणाऱ्या या माणसाला माणसांचे दुःख मात्र नेहमीच ऐकू आले नाही.

तरुणपणीच्या त्या इंजिनाला तो विसरला नाही. त्याचा क्रमांक ३४५ होता. सुमारे तीस वर्षांनी, आता धनाढ्य झालेल्या हेन्रीने त्याचा शोध करविला. पेन्सिल्व्हेनिया राज्यातील एका शेतावर ते सापडले. त्याने ते विकत घेतले, दुरुस्त करविले आणि पुन्हा स्वतः चालविले. हजारो नवी यंत्रे घडविणाऱ्या कारखानदाराला एका जुन्या यंत्राची धडधड ऐकण्यात सुख वाटावे, यातच त्याचा खरा स्वभाव दिसतो. डिअरबॉर्नच्या संग्रहालयात ते इंजिन जतन केलेले आहे.

७ एप्रिल १९४७ रोजी हेन्रीचे निधन झाले. त्या दिवशी नदीला पूर आल्यामुळे त्याच्या घराची वीज बंद पडली होती. यंत्रयुगाच्या या शिल्पकाराने जगाचा निरोप घेतला, तो त्याच्या बालपणी असे तशाच दिव्यांच्या आणि मेणबत्त्यांच्या मंद उजेडात.