दलदलीवर लोहमार्ग नेणारे जॉर्ज स्टीफन्सन

लिव्हरपूल-मँचेस्टर लोहमार्गाचे अभियंते जॉर्ज स्टीफन्सन यांचा जन्म ९ जून १७८१ रोजी इंग्लंडमधील वायलम येथे झाला. वडील खाणीवरील इंजिनाच्या भट्टीत कोळसा घालीत. जॉर्ज यांना वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत लिहिता-वाचता येत नव्हते. पुढे ते रात्रशाळेत शिकले.

या लोहमार्गाच्या विधेयकावर १८२५ साली संसदीय समितीपुढे वकिलांनी त्यांची कठोर उलटतपासणी घेतली. त्यांच्या सर्वेक्षणात चुका होत्या, हेही खरे. वाटेतील चॅट मॉस ही दलदल ओलांडण्यासाठीच २ लाख ७० हजार पौंड लागतील, अशी साक्ष दुसऱ्या एका अभियंत्याने दिली. विधेयक बारगळले. १८२६ मध्ये नवे विधेयक संमत झाल्यावर काम पुन्हा स्टीफन्सन यांच्याकडेच आले.

चॅट मॉस म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा पाण्याने फुगलेला थर, काही ठिकाणी सुमारे ९ मीटर खोल. चर खणावेत, तर ते पुन्हा भरून येत. स्टीफन्सन यांनी तळ गाठण्याचा नाद सोडला. फांद्यांचे विणलेले तट्टे व झुडपे अंथरून त्यांवर रूळ जणू तरंगते ठेवले. त्यामुळे गाडीचा भार विस्तृत जागेवर विभागला गेला. निचऱ्यासाठी डांबराची रिकामी पिंपे एकमेकांना जोडून नळ तयार केला. पूर्वेकडील कडेला टाकलेला भराव मात्र आठवडेच्या आठवडे गडप होत राहिला. संचालकही डगमगले, स्टीफन्सन यांनी भराव टाकणे थांबवले नाही. दलदलीवरील खर्च अखेर सुमारे २८ हजार पौंड झाला.

१५ सप्टेंबर १८३० रोजी मार्ग खुला झाला. स्टीफन्सन यांचे निधन १२ ऑगस्ट १८४८ रोजी झाले. चॅट मॉसवरून आजही गाड्या धावतात.